शब्दचर्चा : प्रशासकीय खर्च की प्रशासकीय आकार?

कुपवाड : एमआयडीसीतल्या काही कारखान्यांची पीएफची चलनं मी भरतो. त्यात दोन नंबरच्या खात्यावर ‘अ‍ॅडमिन चार्जेस’ असतात. कामगारांसाठी मराठीत माहितीपत्रक करतोय. तिथं ‘आस्थापना खर्च’ लिहू की ‘प्रशासकीय खर्च’? शिवाय ‘अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीला (तिथल्या सरकारी पेन्शन योजनेला) अर्धा टक्का खर्च येतो, आपल्या पीएफलाही अर्धाच’ असं एक वाक्य घालायचं आहे.

मिरज : ‘आस्थापना’ नकोच. पीएफच्या कायद्यात आस्थापना म्हणजे कारखाना किंवा दुकान, आणि सरकारी कचेरीत आस्थापना शाखा म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-बदल्यांचं टेबल. वाचणारा गोंधळणार. ‘खर्च’ही इथं बसत नाही. पगार, भाडं, कॉम्प्युटर यांवर पीएफ कार्यालयाचा जो पैसा जातो तो खर्च. मालकाकडून घेतात तो आकार. वीजबिलावर स्थिर आकार, वहन आकार छापलेले असतात, तसा हा प्रशासकीय आकार. आणि तो मालकानं आपल्या १२ टक्के वर्गणीव्यतिरिक्त भरायचा असतो, कामगाराच्या पगारातून कापायचा नसतो, हे ठळक अक्षरात छापा. शब्दापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

कराड : अर्धा टक्का कशाचा, ते आधी बघा. पीएफचा आकार मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर लागतो. १ जून २०१८ पासून तो ०.५० टक्के आहे, २०१५ च्या आधी १.१० होता. अमेरिकेचा अर्धा टक्का मात्र तिथल्या योजनेच्या एकूण खर्चावर काढलेला असतो, आणि त्या खर्चात बहुतेक सगळी वाटलेली पेन्शनच. १५,००० पगारावर आपला आकार ७५ रुपये. त्याच पगारावर मालक-कामगार दोघांची वर्गणी मिळून ३,६००. वर्गणीशी ताडलं तर हाच आकार दोन टक्क्यांच्या वर जातो. छोट्या युनिटला तर माणसं कितीही कमी असोत, महिन्याला किमान ५०० रुपये भरावेच लागतात. बांधकाम कामगार मंडळांच्या प्रशासकीय खर्चाला १९९६ च्या कायद्यानं पाच टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती पुन्हा एकूण खर्चावर. हे तिन्ही आकडे एका ओळीत मांडू नका.

वाई : यात न धरलेला एक खर्च आहे. आमच्या मावशींना श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात. हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मध्येच बँकेत आधार जोडणी. वाडीवरून तालुक्याला यायचं तर एसटीचं भाडं जातं आणि सोबत येणाऱ्या सुनेचा रोज बुडतो. साहेब जागेवर नसले की परत दुसऱ्या दिवशी. कचेरीचा खर्च कमी दिसतो, कारण तिथलं निम्मं काम म्हातारी माणसं पायांनी करतात. याला काय म्हणायचं?

मिरज : सरकारी कागदात ‘अनुपालन खर्च’ असतो, पण तो चलनं आणि विवरणपत्रं भरणाऱ्या मालकाच्या बाजूचा. मावशींच्या खर्चाला तो शब्द लावू नये. आपल्याकडं हेलपाटे म्हणतात, तर सरळ ‘हेलपाट्यांचा खर्च’ लिहावं.

कुपवाड : ‘प्रशासकीय आकार’ पक्कं. तुलनेचं वाक्य काढतो आणि त्या जागी १५,००० पगाराचा हिशेब देतो.