सुरिकोव यांच्या चित्रातील स्लेज एका प्रतीत चालते, दुसरीत थांबते

प्रश्न :
रशियन चित्रकार वासिली सुरिकोव यांच्या १८८७ सालच्या ‘बोयारिन्या मोरोझोवा’ या चित्राच्या दोन छापील प्रती माझ्याकडे आहेत. सतराव्या शतकातील मॉस्कोचा बर्फाळ रस्ता, दुतर्फा दाटलेली गर्दी आणि मधून स्लेजमध्ये, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीत, साखळदंडांनी जखडून नेली जाणारी सरदार घराण्यातील स्त्री, असा तो प्रसंग आहे. पुस्तकातील प्रतीत स्लेज पुढे सरकते आहे असे वाटते, कॅलेंडरवरील प्रतीत मात्र ती जागीच थबकलेली दिसते. असे का व्हावे? शिवाय तिने उंचावलेल्या दोन बोटांचा अर्थ काय?

प्रतिसाद १ :
आधी बोटांविषयी. रशियन चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क निकोन यांनी १६५३ मध्ये दोनऐवजी तीन बोटांनी क्रूसाची खूण करण्याचा आदेश दिला, तो जुन्या पंथीयांनी मानला नाही. मोरोझोवा त्यांच्यापैकीच होती. तिला १६७१ मध्ये अटक झाली आणि १६७५ मध्ये बोरोव्स्कच्या कैदेत उपासमारीने तिचा अंत झाला. उजव्या कोपऱ्यात बर्फात अनवाणी बसलेला, गळ्यात साखळी असलेला अवलिया तिला तीच दोन बोटे दाखवून उत्तर देतो, तर डावीकडे एक पाद्री दात काढून हसतो आहे. संपूर्ण रस्ता असा दुभंगलेला आहे, आणि माझ्या मते चित्राचे खरे बळ त्यातच आहे.

प्रतिसाद २ :
आपल्या कॅलेंडरची खालची कड तपासून पाहावी. स्लेजखालच्या घसरपट्ट्यांपासून चौकटीपर्यंतचे अंतर जरा जरी कमी केले तरी स्लेज थांबते, असे सुरिकोव स्वतः सांगत असत. लेव्ह टॉल्स्टॉय यांनी खालचा भाग अनावश्यक ठरवून कापण्यास सुचवले होते, परंतु सुरिकोव यांनी ते मानले नाही. तेथील मोकळ्या बर्फावर उमटलेल्या चाकोऱ्या आणि स्लेजलगत धावणारा, अंगाला मोठा होणारा कोट घातलेला पाठमोरा मुलगा यांमुळेच आपली नजर गाडीमागून ओढली जाते.

प्रश्नकर्ता :
दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. कॅलेंडरवर खालचा बोटभर बर्फ खरोखरच कापलेला आहे आणि मुलाचे पाऊलही अर्धेच उरले आहे. मनःपूर्वक आभार.

प्रतिसाद १ :
मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. ते सुमारे ३ मीटर उंच आणि जवळजवळ ६ मीटर रुंद आहे, त्यामुळे तेथे तो बोटभर बर्फ चांगलाच हातभर भरेल.