मदत हवी आहे: नवा गेम पूर्ण किमतीला घ्यावा की सेलची वाट बघावी?

नमस्कार मंडळी,

घरी पीएस५ (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) आहे, डिस्कवाला. मुलगी झोपली की आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तासभर खेळायला मिळतं, तेवढाच काय तो वेळ. सोनीचे स्वतःचे मोठे गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना येतात. गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक आणि स्पायडरमॅन २ दोन्ही त्याच भावाने आले होते. एवढ्यात घरचा महिन्याचा किराणा बऱ्यापैकी निघतो, त्यामुळे बायकोला विचारण्याआधी माझंच मला नीट पटायला हवं.

थांबावं असं वाटायला लावणारं सगळ्यात ठळक उदाहरण सायबरपंक २०७७ चं. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा पीएस४ वर इतका मोडका चालायचा की सोनीने आठवडाभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि लोकांना पैसे परत दिले. पुढे चुका दुरुस्त करणारे पॅच येत गेले, २०२३ मध्ये फँटम लिबर्टी ही कथेची मोठी भर आली, आणि आज तोच गेम लोक आवर्जून खेळायला सांगतात. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वासाने पूर्ण पैसे मोजले त्यांना कच्चा माल मिळाला, आणि जे थांबले त्यांना पक्का, तोही स्वस्तात. हे मला मनापासून खटकतं.

उलट बाजूही आहे. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २,९९९ रुपये, आणि शंभर तास खेळूनही बघायचं बरंच उरतं. तिथे पूर्ण किंमत जास्त आहे असं कोण म्हणेल?

माझा एक मित्र रुपये भागिले तास असा हिशेब मांडतो. मला तो पटत नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०) पाच-सहा तासांत संपतो, पण त्यातली राजस्थानी वास्तुकला आणि सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेल्या कथा अजून डोळ्यांपुढे आहेत. तासांवर मोजलं तर तो महाग ठरेल, आणि तसं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

तर प्रश्न असा: माझ्याइतका कमी वेळ असणाऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत द्यावी का? आणि घ्यायचाच तर डिस्क की डिजिटल (म्हणजे नुसता डाउनलोड)?

प्रतिसाद १
डिस्कवाला पीएस५ असताना डिजिटल घेऊच नका. डिस्क खेळून झाली की विकता येते, आणि पहिल्या महिना-दोन महिन्यांत भावही बरा मिळतो. डिजिटल गेम तुमच्या अकाउंटला कायमचा चिकटतो. शिवाय प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की एरवी रिफंड मिळत नाही. पीसीवाल्यांना ती सोय आहे: स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत.

प्रतिसाद २
दादा, एकट्याने खेळायचा कथेचा गेम असेल तर खुशाल थांबा, कथा कुठे पळून जात नाही. ऑनलाइन गेमचं मात्र वेगळं असतं. सुरुवातीला खेळायला माणसं असतात, नंतर ओसाड. आणि कंपनीने सर्व्हर बंद केला की दिलेले पैसे गेलेच. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०२४ मध्ये असाच बंद झाला. विकत घेतलेला गेम, पण आता चालूच होत नाही. अशा गेमला मी तरी पूर्ण किंमत देत नाही.

प्रतिसाद ३
माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्ण किंमत लहान स्टुडिओला द्यावी, मोठ्यांना सेलमध्ये गाठावं. हॉलो नाइट (२०१७) ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या माणसांनी बनवला, १५ डॉलरला विकला आणि नंतरची भर फुकट दिली. तुम्हाला ‘राजी’ आवडला ना? मग अशा गेमला सेलची वाट बघू नका. तिथे आपल्या पैशांनी खरंच फरक पडतो.

धागाकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून बरं वाटलं, मनात होतं ते नेमकं शब्दांत आलं. प्री-ऑर्डर (गेम येण्याआधीच घेऊन ठेवणं) बंद, हे आता पक्कं. मोठा गेम आला की महिनाभर पॅच आणि खेळणाऱ्यांची मतं बघेन, मग डिस्क घेईन. लहान स्टुडिओचे गेम आल्या आल्या पूर्ण किमतीला.

एक शंका राहिली. सेकंडहँड डिस्क घेताना दुकानात काय तपासायचं? ओरखडे दिसतात, पण काही गेमच्या खोक्यात डिस्कऐवजी नुसता कोड असतो असं ऐकलंय. तो आधी कुणी वापरला असेल तर नंतर घेणाऱ्याच्या हाती काहीच नाही ना? पुण्यात अशी डिस्क घेतलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, या शनिवारी जायचा विचार आहे.