सॉफ्टवेअर फुकट, डबा महाग: पतसंस्थेनं ॲस्टेरिस्क बसवावा की ईपीबीएक्सच बरा?

कुपवाडकर
सांगलीतली मध्यम पतसंस्था धरा. ३ लँडलाइन, १६ टेबलं, एक शाखा कऱ्हाडला. जुना ईपीबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज) दमलाय आणि जो तो सांगतो, "ॲस्टेरिस्क टाका, फुकट आहे." फुकट काय, तर संगणकालाच ईपीबीएक्स बनवणारं हे सॉफ्टवेअर. मार्क स्पेन्सरनं १९९९ साली लिहिलं तेव्हापासून ते फुकटच आहे. पण लाइन संगणकात घेणार कशातून? त्याला एफएक्सओ पोर्ट (बाहेरची लाइन जोडायचं तोंड) लागतो, आणि खरा पैसा तिथं जातो. वर १६ आयपी फोन (लॅनवर चालणारे), पीओई स्विच (केबलीतूनच फोनला वीज देणारा), टेबलाटेबलाला लॅन केबल. एका साध्या आयपी फोनच्या पैशात तीन-चार बीटेलचे नेहमीचे फोन येतात की ओ! माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या ऑफिसनं नवा ईपीबीएक्स घ्यावा. दुरुस्तीला मिरजेतून माणूस येतो. लिनक्सवाला (ॲस्टेरिस्क जाणणारा) पुण्याहून येणार, तोही सवडीनं.

वायरजोड
हिशेब फुगवलाय तुम्ही. आयपी फोन घ्यायला सांगितलंय कुणी? आहेत तेच फोन ठेवा. ८ एफएक्सएस पोर्टांचे (साधा फोन जोडायची तोंडं) दोन डबे (ग्रँडस्ट्रीम एचटी८१८ सारखे) जुन्या क्रोन मॉड्यूलशेजारी (सगळ्या टेबलांच्या तारा येतात ती पट्टी) लावा आणि भिंतीतल्या जोड्या तिथं पंच करा. एकाही टेबलाला नवी केबल नको. लाइनसाठी जीएक्सडब्ल्यू४१०४ हा गेटवे (लाइन आणि लॅन जोडणारा डबा), चार एफएक्सओ. तीन वापरात, एक राखीव. सर्व्हरला कोपऱ्यात पडलेला डेस्कटॉप चालतो. जी.७११ (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) वर एका कॉलला एका दिशेनं साधारण ८७ केबीपीएस लागतात, लॅनला ते चिल्लर आहे. बदल्यात रेकॉर्डिंग, वसुलीच्या फोनची रांग आणि कऱ्हाडशी एक्स्टेन्शनवर थेट बोलणं.

टोन_डायल
डबे तरी कशाला? ऑनलाइन एक्स१००पी कार्ड किरकोळ भावात मिळतं. पीसीत खोचा, झालं.

वायरजोड
ते कार्ड म्हणजे मूळचं मोडेम. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) अमेरिकन ६०० ओहमला बांधलेला, आपल्या लाइनशी जुळत नाही, मग बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. ओस्लेक हे सॉफ्टवेअर लावून प्रतिध्वनी बराच दबतो, पण नव्या मदरबोर्डला हे कार्ड बसायला पीसीआय स्लॉट असतो कुठे? डिजियम कंपनीच्या टीडीएम४००पी कार्डाचंही तेच. लाल मॉड्यूल एफएक्सओ, हिरवं एफएक्सएस, कार्ड उत्तम. स्लॉट नाही तर उपयोग काय.

कुपवाडकर
आणि लाइन अडकते त्याचं काय? गिऱ्हाइकानं फोन ठेवला तरी तुमच्या डब्याला पत्ता नसतो. दुपारपर्यंत तिन्ही लाइन एंगेज, आणि शिव्या ऑपरेटरला. ईपीबीएक्समध्ये हे होत नाही.

वायरजोड
होतं, फक्त ईपीबीएक्सवाला सेटिंग करूनच जातो. गेटवे कारखान्यातून अमेरिकन टोनवर येतो: ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झ, ०.७५ चालू, ०.७५ बंद. हे भरलं नाही तर डब्याला तो टोन कळतच नाही. चार ठोके मोजून लाइन सोडायला सांगा, म्हणजे टोन सुरू झाल्यावर ६ सेकंदांत ती मोकळी. दोनच ठोके ठेवले तर बोलता बोलता मध्येच फोन कटतो, तो मोह नको. फोन ठेवल्यावर एक्स्चेंज पोलॅरिटी (तारांचं धन-ऋण) उलटवून देत असेल तर सोन्याहून पिवळं, टोन मोजायची गरजच नाही.
कॉलर आयडीलाही हाच घोळ. इथं बऱ्याच लाइनींवर नंबर पहिल्या रिंगच्या आधी डीटीएमएफनं (बटणं दाबल्यावर येतात त्या सुरांनी) येतो. कार्ड असेल तर ॲस्टेरिस्कमध्ये 'पोलॅरिटी आयएन' पर्याय त्यासाठीच आहे. तो आयएन म्हणजे इंडिया.

कृष्णाकाठ
तुम्ही दोघं तांब्याच्या तारेवरून भांडताय, पण तांबं राहिलंय किती? फायबर घेतलं की ओएनटीवरच (फायबरच्या डब्यावर) फोनचा पोर्ट येतो. एफएक्सओ लावायचाच तर तिथं लावा. तार हातभर असते, म्हणून प्रतिध्वनी कमी आणि वळवाच्या विजेनं खांबावरून येणारा झटका नाही. त्याहून बरं म्हणजे लायसन्सधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक (डेटा केबलीवरून येणारी फोनलाइन) घ्या, एफएक्सओचा खर्चच गेला.

कुपवाडकर
आणि वीज गेली की? तांब्याच्या लाइनीला ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून यायचे. आता ओएनटी, राउटर, स्विच, डबे, सर्व्हर सगळं इन्व्हर्टरवर. त्याचे पैसे कुणीच धरत नाही.

कृष्णाकाठ
धरायलाच हवेत, हे मान्य. म्हणून डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या, फार कमी विजेवर चालतो. पण एसडी कार्डावर नको. अचानक वीज गेली की कार्ड खराब होतं. यूएसबीवर एसएसडी लावा. राउटरवर ५०६० पोर्ट (इंटरनेट कॉलचं दार) उघडा ठेवू नका, कऱ्हाडला व्हीपीएननं (इंटरनेटवरच्या खासगी वाटेनं) जोडा आणि आयएसडी बंद करून घ्या. नाहीतर रात्रीत कुणी परदेशी फोन फिरवेल आणि बिल संचालक मंडळापुढं.

टोन_डायल
मग सिमवाला जीएसएम गेटवे?

कृष्णाकाठ
संस्थेच्या नावावरचं सिम, संस्थेचेच कॉल, एवढ्यापुरतं वापरा. बाहेरचे कॉल इंटरनेटवर घेऊन सिमवरून सोडले तर ते बेकायदा एक्स्चेंज ठरतं आणि पोलीस दारात येतात.

कुपवाडकर
ठीक. पैसे देण्याआधी डेमो मात्र हवाच. तीन मोबाइलवरून तिन्ही लाइनींना एकदम फोन लावायचा, स्वागताचा आवाज आला की कट करायचा. लाइनी मोकळ्या झाल्या नाहीत तर डबा परत. आणि बसवणारा उद्या फोन उचलेनासा झाला तर?

वायरजोड
कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर आणि सर्व्हरचा मुख्य (रूट) पासवर्ड बंद लिफाफ्यात, दोन्ही व्यवस्थापकाच्या कपाटात. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या, बिल झाल्यावर कुणी देत नाही.