उबंटू लिनक्स फार अडखळतंय, वरून फोटोपण नीट निवडता येत नाही. डेस्कटॉप बदलून एक्सएफसीई टाकू का केडीई?

अमळनेर_ऑनलाइन_सेवा
रामराम मंडळी. माझं फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती असलं सगळं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, लॅपटॉप 11 घेत नाही, म्हणून भाच्याच्या नादी लागून उबंटू 24.04 टाकलं. पाचव्या पिढीचा आय3, 4 जीबी रॅम, जुनी 500 ची हार्डडिस्क. आता फायरफॉक्सवर क्लिक केलं की समोरच्या टपरीवरून चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं उघडतो. विंडो बदलायला गेलं की धक्के खात येतात.

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक फोटो, सही, आधार सगळं पाठवून ठेवतं, अपलोड दाबलं की नुसती आयएमजी अमुक-तमुक नावांची यादी, परवा एका ताईच्या फॉर्मला मी तिच्या नवऱ्याचा फोटो चढवला, तीपण हसली म्हणून वाचलो. आणि तिसरं लाईट. बॅटरी कधीच मेली, लाईट गेली की सगळं बंद, परत आली की पाच विंडो पहिल्यापासून मांडत बसा. जिथल्या तिथं आपोआप का नाही उघडत?

रावेरचा_घड
भाऊ, मनाबी असंच व्हयनं व्हतं. उबंटूबरोबर येणारं गनोम डेस्कटॉप 4 जीबीत जड जातंच, त्याचं शेल अर्धं जावास्क्रिप्टमधे आहे आणि तुम्ही वरून जोडलेलं एक्स्टेन्शनपण त्याच प्रोसेसमधे चालतं, म्हणजे एक एक्स्टेन्शन अडकलं की आख्खा डेस्कटॉप अडकला. सरळ एक्सएफसीई टाका. मी दोन वर्षं वापरतोय, दिसायला साधं आहे पण मुकाट्यानं काम करतं.

भुसावळ_४५_डिग्री
डेस्कटॉपला शिव्या द्यायच्या आधी हार्डडिस्क काढा राव. जळगावला गोलाणी मार्केटात जा, एसएसडी टाकून घ्या, निम्मी तक्रार तिथंच मिटेल. उबंटूचा फायरफॉक्स स्नॅपमधे येतो, म्हणजे दाबून भरलेली फाइल, ती चालू होताना उलगडावी लागते, जुन्या डिस्कवर चहा पिऊन होणारच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं डेब पॅकेज आहे ते टाका. झेडरॅमपण चालू करा, रॅममधला माल रॅममधेच दाबून ठेवतो, डिस्कवर ढकलणं (स्वॅप) कमी होतं.

आणि अजून एक, उन्हाळ्यात दुपारी जास्त अडखळतं का? आमच्याकडं मे मधे पारा 45 च्या वर, माझा लॅपटॉप 95 डिग्रीला जाऊन प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत होता आणि मी दोन महिने तीन डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बदलून पाहिले. फॅन उघडला तर आत बोटभर धुरळा आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. 'सेन्सर्स' कमांड मारून तापमान बघा एकदा.

धुळे_पेंग्विन
एक्सएफसीई सांगणाऱ्या भाऊला एक विचारतो, तिथं फोटोची अडचण सुटते का? नाही सुटत. तिथं अजून जीटीके3 या जुन्या साच्याचाच अपलोडचा डबा येतो, त्यात ग्रिड, म्हणजे फोटोंच्या चौकटी, नाही. फोटो छोटे छोटे दिसावेत ही मागणी 2004 पासून पडून होती, 2023 च्या मार्चमधे गनोम 44 बरोबर आली. म्हणजे लहान पोरगं कॉलेजला गेलं तरी गनोमवाले चर्चाच करत होते. पण आली तर आली, तुमच्या 24.04 मधे गनोम 46 आहे, त्या डब्यात यादीची ग्रिड करायचं बटन आहे, ते दाबून बघितलं का?

मात्र डेब फायरफॉक्स टाकला की जुना डबा परत येईल. मग फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत अबाऊट-कॉन्फिग उघडून त्यात 'पोर्टल' शोधा, फाइल-पिकरची ओळ सापडेल, तिथं 2 चं 1 करा. हे कुणी सांगत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो.

विंडोचं दुखणं मात्र खरं आहे. वेलँडमधे, म्हणजे उबंटूच्या विंडो दाखवायच्या नव्या पद्धतीत, ॲप स्वतःची जागा स्वतः ठरवू शकत नाही, ते कंपोझिटर (विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) ठरवतो, म्हणून मागची मांडणी ॲपला परत लावता येत नाही. लॉगिनच्या पडद्यावरच्या चाकात 'झॉर्ग' ही जुनी पद्धत निवडून बघता येईल, पण 25.10 पासून उबंटूनं गनोमचं ते सेशन काढलंय, त्यामुळं त्याच्यावर फार विसंबू नका. निदान फायरफॉक्सच्या सेटिंगमधे मागचे टॅब उघडायची खूण करा.

रावेरचा_घड
ग्रिडचं खरं आहे, मी कधी फोटो अपलोड करतच नाही म्हणून लक्षात नाही आलं. केळीचे भाव बघतो आणि बंद करतो.

अमळनेर_ऑनलाइन_सेवा
बटन होतं हो! तीन महिने डोळ्यासमोर होतं. एक्सएफसीई कॅन्सल. सर्चच्या सेटिंगमधे गिऱ्हाईकांच्या फोटोंचं फोल्डर पण बंद केलं, दिवसभर तेच चाळत बसायचं वाटतं, डिस्कची करकर जरा कमी झाली. दोन एक्स्टेन्शन होते तेपण काढले, भाच्याला नाही सांगितलं अजून. फॅन उघडायची हिंमत नाही, रविवारी जळगावला जाऊन एसएसडीबरोबर तेपण करून घेतो. लाईटचं तेवढं राहिलं. @भुसावळ, जुन्या लॅपटॉपची बॅटरी गोलाणीत चांगली मिळते का, का नकली गळ्यात मारतात?