धाकट्यानं दाखवलेली चूक : कामातले तुमचे अनुभव लिहा

रानवाट

मंडळी, वयानं किंवा हुद्द्यानं लहान असलेल्या कुणी तुमचं चुकतंय हे दाखवून दिलं, असा कामातला प्रसंग लिहा. पहिल्यांदा काय वाटलं, तेही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. गाव सातारकडचं, पहिली नेमणूक मेळघाटात, धारणी तालुक्यात. वर्गातली बहुतेक मुलं कोरकू. वर्षभरात ११ नावांपुढे मी 'अप्रगत' लिहिलं होतं. त्यातला एक पहिलीतला मुलगा तोंडच उघडायचा नाही. एकदा नदीचं चित्र दाखवून मी त्याला तिसऱ्यांदा विचारलं, "हे काय आहे?" तर मागे बसलेली त्याची तिसरीतली बहीण उठून म्हणाली, "सर, त्याला येतं. तुम्ही आमच्या बोलीत विचारा." मी म्हटलं, "तुला विचारलंय का? बस खाली."

ती बसली. पण बसता बसता त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि तो पोरगा एकदम सुटला. चित्रावर बोट ठेवून कितीतरी वेळ बोलत राहिला. त्यातला 'डा' हा एकच शब्द मला कळला, डा म्हणजे पाणी. वर्षभर हातपंपावर ऐकत होतो म्हणून तेवढा तरी.

त्या रात्री झोप लागली नाही. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या गोतातली. म्हणजे त्या लेकरासमोर मी वर्षभर परक्या भाषेत बोलत होतो आणि अप्रगत त्याला ठरवत होतो. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती मुलगी माझी शिक्षिका झाली. १०० पानी वहीत देवनागरीत शब्द लिहून घ्यायचो. माझा उच्चार चुकला की ती मान हलवायची, पुन्हा म्हणायला लावायची. ती वही अजून जपून ठेवली आहे.

रात्रपाळी

मी २२ वर्षं नर्स आहे. आयसीयूत नाइट होती, पहाटेची वेळ, एका पेशंटला १६ युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. सिरिंजही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी. नातेवाइकांनी आणलेली व्हायल (औषधाची बाटली) १०० ची होती आणि मी सवयीनं लाल टोपीची सिरिंज घेतली. १६ च्या रेघेपर्यंत औषध भरलं. म्हणजे पेशंटच्या अंगात ४० युनिट गेलं असतं.

शेजारी उभी असलेली स्टुडंट हळूच म्हणाली, "सिस्टर, टोपी लाल आहे." खरं सांगते, आधी रागच आला. ही मला शिकवणार? मग व्हायलवरचा आकडा वाचला आणि हात गार पडले.

झालेल्या चुकीची नोंद करायचा इन्सिडंट फॉर्म मी स्वतः भरला. पण जास्त टोचलं ते वेगळंच. ती इतकी हळू का बोलली? पेशंटच्या जिवाचा प्रश्न असताना तिला आवाज खाली ठेवावासा वाटला, तो माझ्या धाकापायी. तेव्हापासून इन्सुलिन भरलं की मीच स्टुडंटला बोलावते आणि व्हायलवरचा आकडा तिला मोठ्यानं वाचायला लावते.

खिडकी क्रमांक ३

नोव्हेंबर २०१६. मी बँकेत कॅशियर. जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४००० रुपये, मग ४५००, मग १८ तारखेपासून २०००. रांगेतल्या प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला होता. एका आजोबांवर मी खेकसले. आमचा शिपाई माझ्याहून १० वर्षांनी लहान. चहा ठेवताना म्हणाला, "मॅडम, सकाळपासून तुम्ही एकाच्याही तोंडाकडे बघितलेलं नाही." त्याचं खरं होतं, मी फक्त नोटा बघत होते. आजोबा तोवर निघून गेले होते.

मुक्काम बाणेर

टीम लीड झाल्यावर ज्युनिअरांचा कोड मी रात्री बसून पुन्हा लिहायचो, मदत म्हणून. नोकरी सोडताना एक मुलगी म्हणाली, "दादा, दीड वर्षात माझी एक ओळ जशीच्या तशी राहिली नाही." आता चूक दिसली तरी फक्त प्रश्न लिहून ठेवतो. जड जातं.

लेथवाला

वरचे सगळे वेळेवर सावरले. मी नाही सावरलो, म्हणून लिहितोय.

भोसरीत एका कारखान्यात सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) होतो. आयटीआयचा अप्रेंटिस हाताखाली. एकदा तो म्हणाला, "काका, इन्सर्ट बदललंय, ऑफसेट घ्यायचा राहिलाय." म्हणजे कापणारं नवं पातं बसवलं, पण त्याचं माप मशिनला द्यायचं राहिलं. मी त्याला चिप्स (धातूचा कीस) उचलायला पाठवलं आणि मशिनची सायकल चालू केली. पहिला पीस गेजला लावून मापलासुद्धा नाही. १४ जॉबचे, म्हणजे मशिनवर घेतलेल्या भागांचे, बोअर (आतली भोकं) मोठे झाले. बोअर लहान राहिला तर पुन्हा मशिनवर घेता येतो, मोठा झाला की तो जॉब भंगारात.

रिजेक्शनच्या चिठ्ठीवर कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'नवीन मुलाकडून सेटिंग चुकली.' त्यानं ती चिठ्ठी वाचली, मी बघत होतो. काही बोलला नाही. अप्रेंटिसशिपचे राहिलेले ७ महिने त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. शिकायला आलेलं पोरगं, आणि मी त्याचं शिकणंच बंद केलं.

हा धागा वाचून काल त्याला फोन लावला. नंबर बदललाय. आयटीआयतल्या ओळखीच्या निदेशकांना पत्ता काढायला सांगितलंय.