कोपरखैरणेत सिडकोचं रो हाऊस पाडून नवीन बांधायचंय, परवानगी आणि इन्स्पेक्शनचं नक्की काय असतं?

चहा_कमी_साखर:
नमस्कार मंडळी. कोपरखैरणेत सासऱ्यांच्या नावावर सिडकोचं जुनं रो हाऊस आहे, छोटा प्लॉट, दोन्ही बाजूच्या भिंती कॉमन. स्लॅब गळतो, किचनमधे तर सळया दिसायला लागल्यात, म्हणून पाडून तळमजला आणि वर एक मजला असं बांधायचं चाललंय. सासरे आता नाहीत पण कागद अजून त्यांच्याच नावावर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वहिनी, नवीन बांधकामाच्या भानगडीत कशाला पडता, दुरुस्तीचा अर्ज टाकू, हिरवी जाळी लावू आणि आतून सगळं नवं उभं करू, गल्लीत सगळ्यांनी असंच केलंय. मला ते काही पटत नाहीये. परवानगी सिडको देते की महापालिका? तपासायला कोण येतं आणि काय बघतं? आणि ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं हे खरं आहे का, मिस्टरांना व्हॉट्सअॅपवर आलंय. होम लोन पण काढायचंय.

घणसोलीकर:
ताई एवढं टेन्शन नका घेऊ, आमच्या इथे विचारून कोण बांधतंय. माणूस येतो, फोटो काढतो, जातो. पावसाच्या आधी स्लॅब टाकून मोकळे व्हा.

नकाशेवाला:
घणसोलीकर भाऊ, गावठाणातलं घर वेगळं आणि सिडकोच्या नोडमधलं (त्यांनी वसवलेल्या भागातलं) लीजवरचं घर वेगळं, उगाच कुणाला भरीला घालू नका.

ताई, दोन्हीकडे जावं लागतं. जमीन सिडकोची आहे, आपण फक्त पट्टेदार, ६० वर्षांचा भाडेपट्टा असतो तो. बांधकामाची परवानगी मात्र नवी मुंबई महापालिकेचं नगररचना खातं देतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे दोन्ही ऑफिसं बेलापुरातच आहेत. पण तुमची पहिली अडचण नकाशा नाहीच, नाव आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज होत नाही. आधी वारसांची नावं सिडकोच्या रेकॉर्डला लावा, नणंद-दीर कुणी हक्क सोडणार असतील तर हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं चालत नाही. घरात सगळं गोडीत आहे तोवरच हे उरका, घर उभं राहिल्यावर भाव बघून माणसं बदलतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

मग लायसन्सवाला आर्किटेक्ट आणि वेगळा स्ट्रक्चरल इंजिनियर. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्यातच. तिच्यात छोट्या प्लॉटसाठी सोय केलीय. १५० चौरस मीटरपर्यंत कागद क्लिअर असतील तर आर्किटेक्टच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा द्यायचा, फी भरायची, ती पोच हीच परवानगी. १५० ते ३०० मधे १० दिवसांत. पण लोक इथेच फसतात, कारण ही सवलत नियमात बसणाऱ्या नकाशाला आहे, मनात असलेल्या घराला नाही. पुढचं अंगण झाकून किचन वाढवलं, जिना मार्जिनमधे, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, उतरवला की संपलं, पोच खिशात असली तरी काम अनधिकृतच.

६० दिवसांचं अर्धं खरं आहे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम ४५ मधे ते आहे. पण त्यांनी मधे काही शंका काढली तर तुमचं उत्तर त्यांना मिळाल्यापासून दिवस परत मोजायचे. आणि मुदत उलटून मिळालेली परवानगीसुद्धा नियमात बसणाऱ्या नकाशापुरतीच असते. त्यामुळे त्याच्या भरवशावर कुदळ मारू नका, बँक तर ते कागदाशिवाय मानणारच नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली नवीन बांधायचं म्हणाल तर कलम ४३ मधे आतल्या आत केलेल्या किंवा बाहेरून फारसं रूप न बदलणाऱ्या देखभालीच्या कामाला सूट आहे. फरशी, प्लास्टर, प्लंबिंग, ठीक. घर पाडून मजला चढवणं त्यात कसं काय बसवणार? तक्रार व्हायला एक शेजारी पुरतो, मग कलम ५३ ची नोटीस येते ती तुमच्या नावाने, कॉन्ट्रॅक्टर तोपर्यंत पुढच्या गल्लीत जाळी बांधत असतो.

घणसोलीकर:
मग काय, दंड भरला की रेग्युलर होतंच ना. आमच्या ओळखीत एकजण दुप्पट टॅक्स भरतो, काही होत नाही.

नकाशेवाला:
नाही होत. ती दुप्पट शास्ती महापालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ मधली, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत झालं असं समजू नये हे त्याच कलमात लिहिलंय. तुमचा माणूस दरवर्षी पैसे भरून अनधिकृतच राहतोय. आणि प्रशमन म्हणजे दंड घेऊन नियमित करायची जी तरतूद २०१७ मधे आणली ती ३१ डिसेंबर २०१५ च्या आधीच्या बांधकामांसाठी, आज बांधणाऱ्याला तिचा काय उपयोग.

सळई_सिमेंट:
मी ठाण्यात साईट इंजिनियर आहे, परवानगीचं वर आलंच आहे म्हणून इन्स्पेक्शनबद्दल लिहितो कारण त्यात सगळ्यात मोठा गैरसमज असतो. लोकांना वाटतं महापालिकेचा माणूस येऊन गेला म्हणजे काम चांगलं झालं. अहो तो नकाशा हातात घेऊन लांबी-रुंदी आणि मार्जिन बघणार, जोत्याला एकदा, घर पूर्ण झाल्यावर भोगवट्याच्या, म्हणजे राहायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या, वेळी एकदा. सळई किती टाकली आणि काँक्रिट कसं ओतलं हे बघणं तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम, आणि तो साईटवर येणार की नुसती सही देणार हे पैसे ठरवतानाच विचारा. किमान फुटिंगची (पायाची) जाळी बांधल्यावर, कॉलमच्या रिंगा झाल्यावर आणि स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी त्याला आणायचंच, त्याने वहीत सही केल्याशिवाय मिक्सर चालू करू द्यायचा नाही.

तुम्ही स्वतः बघू शकाल असं सांगतो. स्लॅबच्या सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेले दिसले तर काम थांबवा, तिथे सिमेंटचे कव्हर ब्लॉक पाहिजेत, त्यांनी सळईभोवती काँक्रिटचं आवरण, म्हणजे कव्हर, राहतं. तुमच्या जुन्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या त्या बहुतेक याच्यामुळेच, कव्हर कमी, त्यात खाडीची खारी हवा, सळई गंजली की फुगते आणि खालचं प्लास्टर पाडते. फुटिंगला ५० मिमी, कॉलमला ४० मिमी कव्हर लागतं, त्याहून कमी नको. कॉलमच्या रिंगचं टोक काटकोनात सोडलेलं नको, १३५ अंशात आत वळवलेलं पाहिजे, भूकंपात तेच कॉलमला धरून ठेवतं आणि आपण झोन ३ मधे आहोत. काँक्रिट ओतताना त्याची ताकद तपासायला १५० मिमीचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरायला लावा, ७ दिवसांचा रिपोर्ट अंदाजासाठी, २८ दिवसांचा खरा. आणि पाणी मारायला माणूस लावा, नेहमीच्या मिश्र सिमेंटला १० दिवस तरी, नुसता संध्याकाळी एकदा पाईप फिरवणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

आता तुमच्या केसमधलं सगळ्यात नाजूक, कॉमन भिंत. शेजाऱ्याचा स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेला असू शकतो, म्हणजे ती तुमची वाटली तरी पाडायची तुम्हाला मुभा नाही. स्ट्रक्चरलवाल्याला आधी तेच तपासायला सांगा, आणि नवीन घराचे कॉलम तुमच्या हद्दीत आत घ्या. त्याच्या पायाशेजारी एकदम लांब चर खणायचा नाही, तुकड्या-तुकड्याने खणा आणि भरत जा, टेकू लावून. पाडायच्या आधी दोन्ही शेजाऱ्यांच्या घरात जाऊन आत्ता जे तडे आहेत त्यांचे तारखेसकट फोटो काढा, त्यांच्यासमोर, आणि एक प्रत त्यांनाही द्या. नाहीतर त्यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या तड्याचं बिल तुमच्यावर फाटणार.

घणसोलीकर भाऊ, शीळफाट्याची लकी कंपाउंडची बिल्डिंग आठवते ना, ४ एप्रिल २०१३, ७४ माणसं गेली. ती पण अशीच विचारल्याशिवाय बांधलेली.

घणसोलीकर:
हो बाबा, ते आठवतंय. त्यावर काही म्हणत नाही.

चहा_कमी_साखर:
खूप खूप आभार, कॉन्ट्रॅक्टरला आज सांगितलं तर म्हणाला मग रेट वाढेल. वाढू दे. एकच राहिलं, एवढं सगळं करून भोगवटा नाही घेतला तर काय होतं? आमच्या लाईनीत एकाकडेही नसेल बहुतेक.

ठाणे_वेस्ट:
भोगवट्याचं मी सांगते, आम्ही घोडबंदर रोडला ओसी (भोगवटा दाखला) नसलेल्या बिल्डिंगमधे राहतो. राहायला काही फरक पडत नाही हो, विकायला काढल्यावर पडतो. आमच्या मजल्यावरच्यांचं गिऱ्हाईक पसंत, भाव पसंत, आणि त्याच्या बँकेने ओसी मागितली. सौदा मोडला. शेवटी रोकड देणारा मिळाला पण त्याने भाव असा पाडला की काकू अजून कुरकुरतात. तुम्हाला लोन काढायचंय म्हणताय तर मंजूर नकाशा आणि परवानगी बँक सुरुवातीलाच मागेल, पैसेही काम पुढे जाईल तसे टप्प्याने सोडतात, म्हणजे दुरुस्तीच्या नाटकावर लोन मिळणारच नव्हतं.

नकाशेवाला:
बरोबर. काम संपलं की आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरलवाल्याचं सर्टिफिकेट आणि ड्रेनेजचं काम झाल्याचं, हे जोडून लगेच अर्ज टाका, रंग बाकी आहे म्हणून थांबू नका. ऑफिसात फाईल एका टेबलावर बसली तर भांडत बसू नका, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, ठरलेली मुदत उलटली की अपील करता येतं, आणि अपिलाचा अर्ज पडला की फाईल कशी चालायला लागते बघा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची पोच हवी.

परवानगी एक वर्ष चालते, वाढवत वाढवत जास्तीत जास्त चार वर्षं, तेवढ्यात काम सुरू व्हायला हवं. नाव लावायचं काम झालं की लीज डीडची कॉपी घेऊन इथेच विचारा, मार्जिन किती सुटतंय ते बघून सांगतो.

सळई_सिमेंट:
आणि कॉन्ट्रॅक्टर रेट वाढवतोय तर वाढीव रेटमधे क्यूब टेस्ट आणि कव्हर ब्लॉक लिहून घ्या, नंतर ते एक्स्ट्रा म्हणून लावतात.