वारा पाठीमागून असताना होडी वळवणे : जायब करताना होडी कलंडू पाहते

प्रश्न
दोन शिडांची लहान होडी चालवायला शिकत आहे. टॅक करणे (नाक वाऱ्यातून नेत वळणे) जमते. परंतु वारा पाठीमागून असताना जायब (पिछाडी वाऱ्यातून नेत वळणे) करायला जावे, तर बूम (मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा) जोराने पलीकडे आदळते आणि पुढच्याच क्षणी होडी आपोआप वाऱ्याकडे वळून एका कुशीवर कलते. होडीचा वेग मंदावेपर्यंत थांबून मग वळणे सुरक्षित ठरेल का?

प्रतिसाद १
टॅक करताना होडीचे नाक वाऱ्यातून जाते, त्यामुळे शीड क्षणभर फडफडते आणि त्यातला जोर ओसरतो. जायबमध्ये पिछाडी वाऱ्यातून जाते. तेथे ही उसंत नसते आणि मोकळी सोडलेली बूम जवळजवळ अर्धवर्तुळ कापत पलीकडे जाते. म्हणून आधी सोबत्यांना मोठ्याने सूचना द्यावी, मेनशीट (मुख्य शीड आवरण्याचा दोर) ओढून बूम मध्यरेषेजवळ आणावी आणि ती पलीकडे जाताच दोर झरझर सोडावा. दोर आवळलेलाच राहिला, तर मेनसेल (मुख्य शीड) पिछाडीला ढकलते आणि नाक वाऱ्याकडे फिरते. आपल्या होडीचे बहुधा हेच होत असावे.

प्रतिसाद २
मोठ्या नौकेसाठी वरील पद्धत योग्यच आहे. लहान होडीत मात्र जोराच्या वाऱ्यात बूम पूर्ण आत ओढणे मला पटत नाही. मेनशीटचे सगळे पदर एकत्र मुठीत धरून, शिडातला दाब हलका होताच बूम स्वतः पलीकडे ओढावी, आणि ती मध्य ओलांडत असतानाच सुकाणू क्षणभर उलट फिरवून वळण थोपवावे. सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी) अर्धा वर घेतलेला असावा. पूर्ण खाली असेल, तर होडी त्यालाच अडखळून उलटू शकते.

वेग मंदावण्याची वाट मात्र मुळीच पाहू नये. वारा २० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असून होडी त्याच दिशेने ५ नॉटने धावत असेल, तर शिडाला १५ नॉटचाच वारा जाणवतो. होडी २ नॉटवर आली की तोच १८ होतो, आणि दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शिडावरचा भार जवळजवळ दीडपट होतो. लाटेच्या उतारावरून होडी घसरत असते, तो क्षण सर्वांत चांगला.

प्रतिसाद ३
नकळत होणारी जायब याहून घातक असते. वारा अगदी पाठीमागून आला, की मेनसेलच्या आडोशाला सापडून जिब (पुढचे शीड) मलूल पडते; ती आपणहून दुसऱ्या बाजूला जाऊ लागली, तर बूम कधीही फिरेल असे समजून होडी लगेच थोडी वाऱ्याकडे घ्यावी. वारा आवाक्याबाहेरचा वाटला, तर जायब टाळून वाऱ्याकडे वळत, टॅक करून, उलट बाजूने फेरा पूर्ण करता येतो. अनुभवी मंडळीही तसे करतात. त्यासाठी जागा भरपूर लागते, आणि वळतावळता मेनशीट आत ओढत राहावी लागते, अन्यथा नाक वाऱ्यात अडकून होडी जागीच थबकते.